कुणाच्या दारवर

गोकुळशेठच्या झेरॉक्सच्या दुकानात रोहिणीचं नाव होतं 'निधनवाली'. "निधनवाली, दोन्ही बाजूंनी काढ." "निधनवाली, कागद अडकला बघ." शेठ हे गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा आणि वर स्वतःच हसायचा. रोहिणी हसत नसे. ती मशीनचं झाकण असं काही आपटायची की रांगेतली पोरं मागं सरकायची. शेठचा जीव मशीनसाठी तुटायचा, पण तिला काढून टाकायची त्याची छाती नव्हती. परीक्षेच्या दिवसांत तिच्या झपाट्यानं काम उरकणारं माणूस त्याला शोधून सापडलं नसतं.

नाव पडलं होतं रेडिओमुळं. गोमाई नदीकाठच्या त्या कॉलेजात एक कॅम्पस रेडिओ होता. आसपासच्या पंधरा-वीस गावांत ऐकू जायचा. रोहिणी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, ब्राह्मणपुरीहून एसटीनं येणारी. सकाळी झेरॉक्स, दुपारी तास, संध्याकाळी रेडिओवर 'परिसर वार्ता', आणि उरलेल्या वेळात हेमकांतभाऊच्या 'तापीतीर न्यूज'मध्ये ओजेटी. नव्या शिक्षण धोरणानं प्रत्येकाला कुठंतरी काम शिकायला पाठवलंय, त्यालाच ओजेटी म्हणतात. काम काय शिकायचं हे धोरणाला ठाऊक असेल, हेमकांतभाऊला नव्हतं. तो तिला पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती मागत बाजारात फिरवायचा.

परिसर वार्तेचं बोलायचं, तर तिच्यात वार्ता सोडून सगळं होतं. प्राचार्य उमाकांत सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आपल्या रेडिओला बातम्या द्यायची परवानगी नाही. माहिती द्यायची." मग बातमी कोणती आणि माहिती कोणती? सोपं होतं. सरांना आवडली की माहिती, नाही आवडली की बातमी. संस्थेच्या अध्यक्षांनी झाड लावलं ही माहिती. ते झाड शेळीनं खाल्लं ही बातमी. रोज दुपारी ती कागद घेऊन सरांपुढं उभी राहायची आणि सर लाल पेनानं त्याची सालटी काढायचे.

एकच गोष्ट लाल पेनाखालून जात नसे, आणि ती म्हणजे निधन वार्ता. खान्देशात कुणाकडं मयत झाली की दारवर बसायला जातात. गेलं नाही तर पिढ्यान्‌पिढ्या बोल ऐकावे लागतात. म्हणून कोण गेलं आणि दार कुठलं, हे कळणं जेवणाइतकंच गरजेचं. लोक अगदी कार्यक्रम सुरू झाल्यावरसुद्धा फोन करून नावं सांगायचे. ती सरांकडं न्यायला वेळच नसे. रोहिणी माईकसमोर बसून कानाला फोन लावून लिहायची आणि लगेच वाचायची. अख्खा कार्यक्रम लोक त्याच पाच मिनिटांसाठी ऐकायचे. खुद्द सरांची आई, धनुबाई, ते ऐकल्याशिवाय जेवत नाही, असं सर पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे.

रोहिणीच्या आईला मात्र या सगळ्याचा तिटकारा होता. "दिनभर बोंबलीसन काय भेटस तुले?" ती भाकरी थापता थापता म्हणायची. "मरेल लोकेसना नावं वाची वाची तोंड बाटी गयं तुन्हं. कोन पोर्‍या करी तुले?"

"नको करू दे," रोहिणी म्हणायची आणि ताट सरकवून उठायची. त्या घरात मायलेकींचं बोलणं असंच चाले, तव्यावर पाणी पडावं तसं.

निधन वार्तेच्या आधी आणखी पाच मिनिटं डोंगरातल्या आदिवासींच्या पावरी भाषेतली असत. ती दिवली वाचायची. दिवली जालमसिंग पावरा, धडगावच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरची, पहिल्या वर्षाची, कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात राहणारी. अंगानं काडी, पण माईकसमोर आवाज असा लागायचा की रोहिणीला असूया वाटायची. ती असूया तिनं कधी लपवली नाही. "जरा हळू बोल, माईक फुटेल," म्हणायची. दिवली हसायची आणि आणखी मोठ्यानं बोलायची. रोहिणीशी भांडण न करणारं त्या आवारात ते एकच माणूस होतं. दिवलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. थंडी वाढली की सांधे धरायचे, मग ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि म्हणायची, "ताई, आज तूच वाच, मी सांगते तसं."

त्या शनिवारी अक्कलकुव्याला कुठल्याशा मंडळानं उमाकांत सरांना 'शिक्षणभूषण' पुरस्कार दिला. टाळ्या वाजवायला प्राध्यापक हवेत, म्हणून कॉलेजची गाडी भरून नेली. हेमकांतभाऊनं रोहिणीला मोबाईल आणि माईक देऊन पुढच्या रांगेत बसवलं. दुपारभर भाषणं चालली. सर स्टेजवर फेटा बांधून बसले होते. मध्येच त्यांनी खिशातून फोन काढला, पाहिला आणि परत ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा त्यांनी न बघताच खिशावर हात दाबून धरला. रोहिणीनं हे सगळं पाहिलं, कारण ती तेच तर चित्रित करत होती.

तो फोन वसतिगृहाच्या रेक्टरबाईंचा होता. दिवलीला सकाळपासून कळा येत होत्या. प्राचार्यांच्या परवानगीशिवाय मुलीला गेटबाहेर सोडायचं नाही, हा सरांनीच केलेला नियम. मुली गेटशी जाऊन रडल्या, ओरडल्या. बाई बिचारी फोन लावत राहिली. बिचारी कसली, भित्री. सरांनी फोन घेतला तो पुरस्कार, हार, जेवण, सगळं आटोपल्यावर. मग रिक्षा मिळाली. नंदुरबारच्या दवाखान्याच्या वाटेवरच दिवली गेली.

रविवारी रोहिणी हेमकांतभाऊच्या ऑफिसात गेली. भाऊ सरांच्या सत्काराच्या व्हिडिओला गाणं जोडत बसला होता.

"भाऊ, यात सर फोन बघून ठेवून देतात ते दिसतंय. तेव्हा तिकडं दिवली मरत होती. ही बातमी आहे."

हेमकांतनं चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. मग तेवढा भाग शोधला, निवडला आणि पुसून टाकला. तिच्या डोळ्यांदेखत.

"आता नाही दिसत," तो म्हणाला. "हे बघ, दिवाळी अंकाला पानभर जाहिरात कॉलेजची असते. ज्या ताटात जेवायचं त्यात थुंकायचं नाही. ओजेटीचं सर्टिफिकेट पाहिजे ना तुला? मग गप राहायला शीक, तेही कामच आहे."

रोहिणीला त्याच्या टेबलावरचा चहा त्याच्या तोंडावर फेकावासा वाटला. ती तशीच बाहेर पडली. ते सर्टिफिकेट नसेल तर पदवी अडणार होती, आणि पदवी अडली की आई तिला लग्नाच्या बाजारात उभी करणार होती. हे सगळं तिला चांगलं माहीत होतं, आणि तिला सर्वांत जास्त राग त्याचाच येत होता.

सोमवारी ती कागद घेऊन सरांपुढं उभी राहिली. सरांच्या मागं नवीन पुरस्काराची काचेची ढाल ठेवलेली होती. सरांनी कागद वाचला आणि दिवलीच्या नावावर आडवी रेघ मारली.

"ही बातमी आहे."

"मग निधन वार्तेत घेते, सर."

"नाही घ्यायची." सरांनी पेन खाली ठेवलं. "निधन वार्ता कशासाठी असते? लोकांनी दारवर जावं म्हणून. त्या पाड्यावर कोण जाणार आहे? डोंगरातले लोक ते, त्यांच्या चालीरीती वेगळ्या. आपल्यासारखं दारवर बसणं त्यांच्यात नसतं. आजारी होती, गेली. तिच्या वडिलांना सांगितलंय तसं. उगाच वसतिगृहाची बदनामी करू नको, जूनमध्ये प्रवेश व्हायचेत."

"तिच्या जागी कुणी तुमच्या गावची असती तर, सर?"

"बाहेर हो," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांचा कधीच चढत नसे, आणि रोहिणीला त्याचीच चीड होती. "आणि रेडिओची किल्ली उद्या सकाळी नऊला माझ्या टेबलावर आणून ठेव. दुसरं कुणीतरी वाचेल."

ती व्हरांड्यात येऊन उभी राहिली. रडू आलं नाही. डोक्यात एकच शब्द फिरत होता, दार. पाड्यावर कोण जाणार. खरंच, कोण जाणार?

आणि तिला गोवाल आठवला. ती लहान असताना त्यांच्या शेतात सालदार गडी होता, डोंगरातलाच. खळ्यातल्या खोलीत राहायचा. एका हिवाळ्यात छातीत कळ येऊन गेला. त्याचं गाव लांब, पण ब्राह्मणपुरीची माणसं दारवर आली ती रोहिणीच्या आजोबांच्या. आजोबा चिडले होते, सालदार मेला तर माझ्या ओसरीवर कशाला? तेव्हा आईनंच, डोक्यावर पदर घेऊन, सासऱ्यासमोर पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. "गोवाल आपला घर मरना. ज्याना घर मानूस मरस, त्यानाच दारवर लोके येतस." आजोबांना सतरंजी टाकून बसावं लागलं होतं. येणारा प्रत्येक जण हात जोडून एकच विचारायचा, कसं काय झालं? आणि आजोबांना पहिल्यापासून सांगावं लागायचं. सकाळी दुखत होतं, मी म्हटलं काम कर, बरं वाटेल. हे वाक्य ते दर वेळी गाळायला बघायचे. पण पाच-सात माणसांना सांगून झाल्यावर ते आपोआप तोंडातून आलं. दारवर बसलेल्या घरच्यानं आलेल्याला जा म्हणायचं नसतं, आणि विचारलेलं टाळायचंही नसतं.

संध्याकाळी रोहिणीनं रोजच्यासारखी परिसर वार्ता वाचली. झाड, पुरस्कार, परीक्षेचं वेळापत्रक. पावरीची पाच मिनिटं आली तेव्हा तिनं माईक नुसताच उघडा ठेवला. लोकांना वाटलं रेडिओ बिघडला. मग निधन वार्ता. पुरुषोत्तमनगरच्या एक आजी, त्यांचं दार. मग एक निवृत्त तलाठी, त्यांचं दार. मग ती म्हणाली:

"आपल्या कॉलेजच्या विद्यार्थिनी आणि या रेडिओच्या पावरी निवेदिका कुमारी दिवली जालमसिंग पावरा यांचं शनिवारी निधन झालं. त्या कॉलेजच्या वसतिगृहात राहत होत्या. दारवर उद्या सकाळी नऊपासून. दार: प्राचार्यांचं कार्यालय, मुख्य इमारत."

तिनं बटण बंद केलं, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत घेऊन एसटीत बसली. घरी आईनं जेवायला वाढलं. आईनं ऐकलंय हे तिला भांड्यांच्या आवाजावरून कळलं.

सकाळी ती नऊला सरांच्या कार्यालयात पोहोचली. हेमकांतचा मेसेज आधीच आला होता, उद्यापासून येऊ नकोस. ती दुकानासमोरून जाताना गोकुळशेठनं तोंड फिरवलं. सर खुर्चीत बसले होते आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता.

"तुला कळतं का तू काय केलंस? माझ्या कार्यालयाला मयताचं दार केलंस? तुझी परीक्षा कशी होते तेच बघतो मी. ओजेटी गेली, परीक्षाही जाईल. शेतात जा मग निंदायला!"

"जाईन," रोहिणी म्हणाली. तिनं किल्ली टेबलावर ठेवली.

तेवढ्यात दारात कुणीतरी चपला काढल्या.

रोहिणीची आई होती. डोक्यावर पदर, मागं ब्राह्मणपुरीच्या बायका, गच्च भरलेल्या पॅगो रिक्षेतून आलेल्या. आईनं लेकीकडं बघितलंसुद्धा नाही. पदर सावरत हळूच म्हणाली, "तुन्हासाठे नही उनी मी. नाव कानवर पडनं, म्हनीसन उनी." मग ती उंबऱ्याशी खाली बसली, सरांकडं बघून तिनं हात जोडले आणि विचारलं, "कसं काय व्हयनं, सर?"

सरांनी आधी शिपायाकडं पाहिलं. शिपाई खाली मान घालून उभा होता. बायकांच्या मागं माणसं येत होती, व्हरांड्यात बसत होती. कुणी पुरुषोत्तमनगरचे, कुणी आसपासच्या गावांचे. त्यातल्या बहुतेकांना दिवली कोण ते ठाऊक नव्हतं. पावरी पाच मिनिटांतला तो मोठा आवाज तेवढा ठाऊक होता, शब्द कळत नसले तरी. नाव वाचलं गेलं, दार सांगितलं गेलं, आले. गोकुळशेठही आला. दुकान समोरच, न येऊन करतो काय? हेमकांत कॅमेरा घेऊन आला, तेव्हा एका म्हाताऱ्यानं त्याला सांगितलं, "दारवर फोटो काढतस का रे? बठ खाले." तो बसला.

"आजारी होती," सर खुर्चीतूनच म्हणाले. "सिकलसेल. आम्हालाही फार वाईट वाटलं. आता तुम्ही—"

'जा' हा शब्द ओठांवर आला आणि तिथंच राहिला, कारण दारातून धनुबाई आत येत होत्या. सरांची आई. हातात काठी, सोबत शेजारीण. खुर्ची सरकवून सर उभे राहिले.

"उमाकांत," म्हातारी म्हणाली, "तुन्हा दारवर मयत व्हयनी, आनि माले रेडिओवर समजस?"

"माय, तू घर जाय. मी संध्याकायले सांगस तुले."

"दारवरनं कोनी घर जास का रे न इचारता?" ती बायकांमध्ये, रोहिणीच्या आईच्या शेजारी, कण्हत खाली बसली. मग आपल्याच लेकाला तिनं परक्यासारखे हात जोडले. "सांग. पोर कशी गयी?"

आणि माणूस कितीही शिकलेला असो, फरशीवर बसलेल्या आईशी उभ्यानं बोलता येत नाही. उमाकांत सर खाली बसले. मांडी घालता येईना, पँट ताणली गेली. त्यांनी सांगायला सुरुवात केली. दुखत होतं, दवाखान्यात नेलं, वाटेत गेली.

"कवयपासून दुखत व्हतं?"

"सकायपासून."

"मंग सकायले का नही नेलं?"

सरांनी ताणलेली पँट गुडघ्यावरून सारखी केली.

"फोन कोनले गया?"

"माले, माय."

"मंग तू कोठे व्हता?"

काचेची ढाल त्यांच्या मागं उन्हात चमकत होती. धनुबाईंनी ती बघितली. दोन दिवसांपूर्वी घरी त्यांनीच त्या ढालीला हळदकुंकू वाहिलं होतं.

"फोन खिशात वाजत होता," सर म्हणाले. घरची बोली सोडून आता ते मराठीत बोलत होते, पाठ केलेलं म्हणावं तसे. "मी स्टेजवर होतो. मी बघितला. घेतला नाही."

धनुबाईंनी पदर तोंडाला लावला. रोहिणीच्या आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दोघींची ओळख नव्हती.

पण दारवरचं एक असतं, नवीन आलेल्याला काहीच माहीत नसतं. आणखी एक पॅगो आली, त्यातल्या बायका उंबऱ्याशी बसल्या आणि त्यांनी हात जोडून विचारलं, कसं काय व्हयनं? सरांना पहिल्यापासून सांगावं लागलं. मग आणखी कुणी आलं. सकाळी दुखत होतं, फोन आला, मी बघितला, घेतला नाही. रोहिणी कपाटाला टेकून ऐकत होती. तिला वाटलं होतं ऐकताना आपला राग निवेल. तो निवला नाही. दर वेळी 'बघितला' या शब्दाशी तो नव्यानं पेटत होता, आणि दर वेळी तिला दिवलीचा आवाज आठवत होता, ताई, आज तूच वाच.

आलेली माणसं 'येतो' न म्हणता उठत होती. दारवरून निघताना येतो म्हणायचं नसतं. गर्दी थोडी सरली तेव्हा रोहिणीला व्हरांड्याच्या खांबाशी बसलेला माणूस दिसला. काटक, डोक्याला टॉवेल, मांडीवर पत्र्याची पेटी. पेटीवर खडूनं दिवलीचं नाव लिहिलेलं होतं. दिवलीचा बाप जालमसिंग लेकीचं सामान न्यायला आला होता. कधीपासून बसला होता कोण जाणे. त्याला फोनवर सांगितलं होतं, आजारी होती, गेली. एवढी माणसं कशाला जमलीत ते त्याला आधी कळलं नव्हतं. मग त्यानं ऐकलं होतं. एकदा नाही, येणाऱ्या प्रत्येकासोबत.

तो उठला. पेटी त्यानं उंबऱ्यावर ठेवली. चपला काढल्या. ही त्याच्या लोकांची रीत नव्हती, पण सकाळपासून तो बघत होता. तो इतरांसारखाच खाली बसला आणि त्यानं इतरांसारखेच हात जोडले.

"साहेब," तो थांबत थांबत, शाळेतल्या मराठीत म्हणाला, "माझी पोरगी कशी गेली?"

सरांनी आईकडं पाहिलं. धनुबाईंनी मान वर केली नाही. मग त्यांनी रोहिणीकडं पाहिलं, आणि त्या नजरेत धमकी नव्हती, विनवणी होती. हा एक तरी माणूस माझ्या वतीनं तू सांभाळ, अशी. रोहिणीला ती नजर धमकीपेक्षा जास्त किळसवाणी वाटली.

"पहिल्यापासून सांगायचं असतं, सर," ती म्हणाली.

आणि ती आईच्या शेजारी जाऊन खाली बसली.